मासेमारीच्या छोट्या बोटीसाठी पंखा निवडणं

इंजिन तेच ठेवून बोटीचा स्पीड वाढवायचा असेल तर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पंखा (प्रॉपेलर) बदलणं, आणि लोक सगळ्यात जास्त गंडतात तेही इथंच, कारण दुकानात गेलं की माणूस "मोठा द्या" म्हणतो. नागपूरकडे समुद्र नाही पण पाणी भरपूर आहे. मामा (माजी मालगुजारी) तलावात ढीवर म्हणजे मासेमार लोकांचा डोंगा वल्ह्यावरच चालतो, तिथं मोटरचं कामच नाही, तोतलाडोह धरण पेंच व्याघ्र प्रकल्पात येतं म्हणून तिथं मासेमारीलाच बंदी, पण वैनगंगेवरच्या गोसीखुर्दसारख्या मोठ्या धरणाच्या बॅकवॉटरमध्ये लांबवर टाकलेली जाळी पहाटे उचलून उन्हाच्या आत मासळी काठाला आणायची असेल तर फायबरच्या बोटीमागे ८-१० हॉर्सपॉवरची आउटबोर्ड मोटर कामाला येते, आणि मग प्रश्न येतो की बाजूची बोट पुढं जाते, आपली काऊन पळत नाही.

पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात, पहिला व्यास आणि दुसरा पिच, दोन्ही इंचात. पिच म्हणजे पाणी अजिबात सटकलं नाही असं धरलं तर पंखा एका फेऱ्यात जितका पुढं जाईल ते अंतर. ९ पिचचा पंखा, इंजिन ५५०० आरपीएमवर (म्हणजे मिनिटाला ५५०० फेरे), गिअर रेशो २.०८ (इंजिनचे २.०८ फेरे झाले की पंख्याचा एक) असेल तर पंखा मिनिटाला साधारण २६४० फेरे मारतो आणि कागदावर स्पीड निघतो ताशी ३६ किलोमीटर. मोबाईलच्या जीपीएसवर दिसले २६, तर फरक सुमारे २८ टक्के, यालाच स्लिप म्हणतात. स्लिप शून्य कधीच होत नाही, व्हायलाही नको, पाणी मागं ढकलल्याशिवाय बोट पुढं जाणारच कशी. हलक्या, पाण्यावर उचलून पळणाऱ्या बोटीला १० ते २० टक्के चांगली, जाळी-बर्फाने भरलेल्या बोटीला त्याहून बरीच जास्त असते आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आता मुद्द्याचं. पंखा निवडायचा तो स्पीड बघून नाही, आरपीएम बघून. प्रत्येक मोटरच्या पुस्तकात फुल थ्रॉटलची रेंज दिलेली असते, या साइजच्या बऱ्याच फोर स्ट्रोक मोटरींना ५००० ते ६००० आरपीएम, आणि नेहमीचा लोड घेऊन, म्हणजे दोन माणसं, जाळी, बर्फाची पेटी, भरलेली टाकी, सगळ्यासकट फुल थ्रॉटल दिल्यावर आरपीएमच्या मीटरची सुई त्या रेंजच्या वरच्या अर्ध्या भागात गेली पाहिजे. छोट्या मोटरीला मीटर नसतो, पण प्लगच्या वायरला गुंडाळायचा स्वस्त टॅकोमीटर (आरपीएम दाखवणारा मीटर) मिळतो, तो घ्याच, त्याच्याशिवाय सगळा अंदाजपंचे कारभार. पिच एक इंचाने कमी केला की आरपीएम साधारण १५० ते २०० वाढतात, वाढवला की तितकेच घटतात. म्हणजे सुई ५१०० ला अडकली आणि आपल्याला ५५०० हवेत तर दोन इंच पिच कमी करून बघायचं. गंमत म्हणजे कमी पिचचा पंखा लावून भरलेली बोट पुष्कळदा जास्त पळते, कारण आधी इंजिन आपल्या ताकदीपर्यंत पोचतच नव्हतं. जास्त पिचचा पंखा लावून भरलेली बोट ओढणं म्हणजे ट्रिपल सीट गाडी टॉप गिअरमध्ये मानकापूरचा उड्डाणपूल चढवण्यासारखं आहे, इंजिन गुरगुरतं, तापतं, कार्बन धरतं. उलटं, पिच फारच कमी केला तर इंजिन रेंजच्या वर ओरडत राहतं आणि स्पीड काही वाढत नाही.

नागपूरचा उन्हाळा इथं मध्ये येतो, आणि हे समुद्राकाठच्या माणसाला सहसा सुचणार नाही. मोटरीची हॉर्सपॉवर साधारण २५ अंशाच्या हवेत, समुद्रसपाटीच्या हिशोबाने ठरवलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश, त्यात शहर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरच्या आसपास, म्हणजे हवा दोन्हीकडून विरळ. गणित केलं तर तापमानामुळे सुमारे ६ टक्के आणि उंचीमुळे अजून ३ टक्के हवा कमी भरते, ताकदही जवळपास तितकीच पडते. त्यामुळे जानेवारीत बरोबर बसलेला पंखा मेच्या दुपारी जड पडतो. चाचणी थंडीत घेतली असेल तर सुई रेंजच्या वरच्या टोकाजवळ जाईल असाच पंखा ठेवावा. कोकणातल्या ओळखीच्या माणसाकडे त्याच मोटरीला जो नंबर आहे तोच डोळे मिटून मागवू नये.

व्यासाला लोक हलक्यात घेतात, पण तो वाढला की लागणारी ताकद फार झपाट्याने वाढते, तेवढ्याच आरपीएमला आणि त्याच प्रमाणातल्या पंख्याला व्यासाच्या पाचव्या घातात. हळू, जड बोटीला मोठा व्यास आणि कमी पिच, हलक्या पळणाऱ्या बोटीला त्याच्या उलट. पात्यांचं म्हणाल तर तीन पात्यांचा पंखा बहुतेकांना पुरतो, चार पाती लोड चांगला धरतात पण टॉप स्पीड थोडा खातात.

आणि बोटीचा आकारच आडवा आला तर पंखा काही करू शकत नाही. पाणी कापत चालणाऱ्या जड बोटीच्या वेगाला लांबीची मर्यादा असते, पाण्याला टेकलेली लांबी फुटात घेऊन तिच्या वर्गमुळाला १.३४ ने गुणलं की नॉट्समध्ये आकडा येतो. १६ फुटी बोटीला ५.४ नॉट, म्हणजे ताशी १० किलोमीटर. त्याच्या वर जायचं तर बोट पाण्यावर उचलली गेली पाहिजे, आणि तळ गोल असला, वजन मागं बसलं किंवा ताकद तोकडी पडली तर ती उचलत नाही. अशा बोटीला कितीही भारी स्टीलचा पंखा लावा, पेट्रोलच जळेल.

योग्य पंखा प्रयोगातूनच सापडतो हे जुनंच आहे. १८३६ मध्ये फ्रान्सिस पेटिट स्मिथ आणि जॉन एरिक्सन या दोघांनी इंग्लंडमध्ये स्क्रू प्रॉपेलरची वेगवेगळी पेटंटं घेतली. स्मिथने लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यात दोन वेढ्यांचा लाकडी स्क्रू लावून बोट चालवली, चाचणीत तो कशाला तरी आपटून निम्मा तुटला आणि बोट चक्क जोरात पळायला लागली! म्हणजे "मोठा द्या"चं उत्तर तेव्हाच मिळालं होतं. पुढं १८४५ मध्ये स्क्रूच्या रॅटलर आणि पाणी ढकलणाऱ्या वल्हेचाकांच्या अलेक्टो या जहाजांची रस्सीखेच झाली, रॅटलरने अलेक्टोला मागे ओढत नेलं.

पंखा बदलण्याआधी मोटरीची उंची बघावी. पंख्याच्या वर जी आडवी प्लेट असते ती बोटीच्या तळाच्या रेषेत हवी. मोटर फार वर बसली तर पंखा वरची हवा ओढतो, आरपीएम एकदम चढतात आणि बोट जागच्या जागी, आणि दोष मात्र पंख्यावर जातो. फार खाली बसली तर नुसता ओढा वाढतो.

आपल्या पाण्यात खरी डोकेदुखी जलकुंभी (जलपर्णी). नाग नदीचं सांडपाणी कन्हानमार्गे वैनगंगेत जातं, त्यावर ही माजते आणि पंख्याला लपेटली की स्पीडचा विषयच संपला. जिथं हिचा त्रास आहे तिथं मागं वळलेल्या पात्यांचा पंखा घ्यावा, झाड त्यावरून सरकून जातं, टॉप स्पीड जरा कमी मिळतो पण दर दहा मिनिटांनी मोटर वर उचलायची गरज पडत नाही. बुडीत क्षेत्रात जुनी खोडं पाण्याखाली असतात म्हणून ॲल्युमिनियमच बरं, ते वाकतं, तुटतं, स्वस्तात बदलतं. स्टील टणक आणि पातळ असल्याने स्पीड थोडा जास्त देतं पण दणका बसला तर तो थेट गिअरपर्यंत जातो. वाकलेलं पातं हातोडीने सरळ करून, आर्गन वेल्डिंग मारून चालवता येतं, फक्त तिन्ही पात्यांचा कोन आणि वजन सारखं राहिलं पाहिजे, नाहीतर थरथर सुरू होते आणि सील-बेअरिंगचा जीव जातो.

पंखा काढायच्या आधी प्लगची वायर काढून ठेवायची, पातं आणि वरची प्लेट यांच्यात लाकडाचा ठोकळा अडकवायचा, मग नट सोडायचा. पंखा निघाला की शाफ्ट नीट बघावा, तिथं नायलॉनच्या जाळीचा धागा गुंडाळलेला सापडू शकतो, केसासारखा बारीक, वरून दिसतही नाही. तो हळूहळू सील कापतो, गिअर ऑइलमध्ये पाणी शिरतं आणि ऑइल दुधाळ होतं. धागा काढून, शाफ्टला पाण्यात न धुपणारं ग्रीस लावून, वॉशर होता त्याच क्रमाने बसवून नवीन कॉटर पिन टाकावी. जुना पंखा चांगला असेल तर तो पान्यासकट बोटीतच ठेवावा.