शंकरराव चव्हाण : खुर्ची दिल्लीची, आधार गोदावरीचा

१५ ऑक्टोबर जवळ आला की मराठवाड्यातल्या पेपरांत एका आकड्याची चर्चा सुरू होते. नाथसागरात, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयात, किती टक्के उपयुक्त साठा आहे? गोदावरीच्या पाणीवाटपासाठीच्या मेंढेगिरी समितीने ६५ टक्क्यांची रेषा आखून दिली. पाणी त्याखाली असेल तर वरच्या नगर-नाशिकच्या धरणांतून सोडा, ही मागणी, मग कोर्टकचेरी, मग पोलीस बंदोबस्तात उघडणारे दरवाजे. या भांडणात कधी ना कधी शंकरराव चव्हाणांचं नाव निघतंच. खाली कृतज्ञतेने, वर चडफडत. त्यांच्याबद्दल एरवी सांगितलं जातं ते एवढंच की ते दोनदा मुख्यमंत्री होते, कडक शिस्तीमुळे 'हेडमास्तर' म्हणून ओळखले जायचे, आणि अयोध्येच्या वेळी देशाचे गृहमंत्री होते. पण या माणसाची कारकीर्द पाण्याला वगळून समजत नाही.

जन्म १४ जुलै १९२०, पैठणचा. कायद्याचं शिक्षण हैदराबादला, उस्मानिया विद्यापीठात. स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रभावाखाली जी पिढी निजामाविरुद्ध उतरली त्यातलेच ते एक. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झाल्यानंतर या पिढीतले काही कम्युनिस्ट झाले, काही समाजवादी, तर काही काँग्रेसमध्ये राहिले. शंकररावांनी नांदेड हे कार्यक्षेत्र धरलं, तिथल्या नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि यशवंतराव चव्हाणांनी त्यांना उपमंत्री केलं. १९६० साली महाराष्ट्र झाल्यावर पाटबंधारे आणि वीज खातं त्यांच्याकडे आलं.

मराठवाडा महाराष्ट्रात आला तो कसलीही अट न घालता. विदर्भासाठी १९५३ चा नागपूर करार होता. मराठवाड्याच्या नेत्यांनी, गोविंदभाई श्रॉफांसारख्यांनी, भाषा एक आहे मग अटी कसल्या, असं म्हणून होकार दिला. मोठ्या मनाची गोष्ट होती, व्यवहार मात्र अंगाशी आला. पश्चिम महाराष्ट्रात तोवर कालवे होते, कालव्यांवर ऊस होता, उसावर सहकारी कारखाने होते आणि त्या कारखान्यांवर राजकारण उभं होतं. मराठवाड्याकडे यातलं जवळजवळ काहीच नव्हतं. निजामाच्या राजवटीतून आलेल्या एका माणसाला पाटबंधारे खातं मिळणं म्हणूनच लहान बाब नव्हती.

गोदावरीवर मोठं धरण बांधायचा विचार हैदराबाद संस्थानाच्या काळातला. तेव्हा डोळ्यासमोर होतं बीड जिल्ह्यातलं जायकवाडी गाव. पुढे जागा बदलून पैठणला आली, नाव तेवढं जुनंच राहिलं. जागा बदलताच वाद पेटला. धरणाचा फुगवटा जाणार नगर जिल्ह्यातल्या शेवगाव-नेवाशाकडे आणि गंगापूर-पैठणच्या गंगथडीवर, लाभ मात्र खालच्या जिल्ह्यांना. काळ्याभोर जमिनीची शंभरहून अधिक गावं बाधित होणार होती. वरच्या पुढाऱ्यांचा विरोध निव्वळ स्वार्थाचा होता असं म्हणणं सोपं आहे, पण पाण्याखाली जाणाऱ्या गावाला 'राज्याच्या हिताचं' हे कारण कधीच पटत नसतं. शंकरराव हटले नाहीत. भारत-पाक युद्धाचा शस्त्रसंधी होऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली.

दहा किलोमीटरच्या आसपास लांबीची मातीची भिंत, २७ दरवाजे, एकूण साठा शंभर टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर. डावा कालवा २०८ किलोमीटर, थेट परभणीकडे जाणारा; उजवा १३२ किलोमीटर, माजलगावकडे. २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी धरण राष्ट्राला अर्पण केलं तेव्हा मुख्यमंत्री शंकररावच होते. ज्या गावी जन्म, त्याच गावी आपण रेटलेलं धरण, आणि लोकार्पणाला आपणच मुख्यमंत्री, असा योग राजकारणात क्वचित जुळतो.

ते मुख्यमंत्री झाले त्याची कथा मात्र पाण्याची नाही. वसंतराव नाईक अकरा वर्षांहून जास्त काळ खुर्चीवर होते. १९७४ च्या सुरुवातीला वसमतला गोळीबार झाला, विद्यार्थी मारले गेले आणि मराठवाडा विकास आंदोलन सगळीकडे पसरलं. इकडे दिल्लीला महाराष्ट्रातली जुनी घडी मोडायची होती. फेब्रुवारी १९७५ मध्ये नाईक गेले आणि मराठवाड्याचा पहिला मुख्यमंत्री आला. माझ्या मते यात आंदोलनाचा वाटा होता, पण निर्णायक होती ती इंदिरा गांधींची मर्जी. स्वतःचा कारखाना नाही, आमदारांचा मोठा गट नाही, अशा माणसाला दिल्ली सहज बसवू शकते आणि तितक्याच सहज उठवूही शकते. पुढच्या तेरा वर्षांत हे दोनदा घडलं.

चारच महिन्यांत आणीबाणी आली. शिस्तीची आवड असलेल्या मुख्यमंत्र्याला ती मानवली, हे मान्य करायला हवं. अधिकाऱ्यांनी वेळेवर यायचं, फाइल अडवायची नाही. सचिवालयाचं 'मंत्रालय' झालं ते याच काळात. कारभार सचिवांचा नाही, मंत्र्यांचा, हा त्यातला रोख.

या धामधुमीत एक काम झालं ज्याची आठवण फारशी काढली जात नाही. ६ ऑक्टोबर १९७५ ला महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश यांच्यात गोदावरीचा करार झाला. पैठणपर्यंतचं गोदावरीचं आणि सिद्धेश्वर धरणापर्यंतचं पूर्णेचं सगळं पाणी महाराष्ट्राने वापरायचं, त्याखाली आंध्रच्या पोचमपाड धरणापर्यंत नव्या प्रकल्पांसाठी ६० टीएमसी. गोदावरीच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने १९८० च्या निवाड्यात हे उचलून धरलं. शेजारच्या राज्याबरोबरचा प्रश्न मिटला. पण पैठणपर्यंतचं सगळं पाणी महाराष्ट्राचं, म्हणजे त्यातलं नाशिकचं किती, नगरचं किती आणि मराठवाड्याचं किती, हे त्या कागदावर नव्हतं. तो आंतरराज्य करार, त्यात ते येणारही नव्हतं. वर धरणं वाढत गेली, खाली येणारा येवा आटत गेला. समन्यायी वाटपाचं कलम कायद्यात यायला २००५ साल उजाडलं, आणि आजची भांडणं त्याच कलमावर चालतात.

शंकररावांनी वसंतदादा पाटलांना मंत्रिमंडळातून वगळलं आणि दादांनी राजकीय संन्यास जाहीर केला. हा संन्यास फार टिकला नाही. १९७७ च्या लोकसभेत काँग्रेसचं पानिपत झालं, मे महिन्यात शंकरराव गेले आणि त्यांच्या जागी आले तेच वसंतदादा. शंकररावांनी वेगळी चूल मांडली, महाराष्ट्र समाजवादी काँग्रेस. १९७८ च्या जुलैत शरद पवारांनी दादांचं सरकार पाडून पुलोदचं (पुरोगामी लोकशाही दलाचं) सरकार केलं, तेव्हा शंकरराव त्यात मंत्री झाले. कालपर्यंत आपल्या मंत्रिमंडळात कनिष्ठ असलेल्या पवारांच्या हाताखाली! हेडमास्तरांना हे किती जड गेलं असेल याची कल्पना करता येते. सत्तेबाहेर बसून वाट बघण्यापेक्षा त्यांनी ते पत्करलं.

मग इंदिरा काँग्रेसमध्ये परतणं, १९८० ला नांदेडहून लोकसभा, आणि दिल्लीत एकामागून एक खाती: शिक्षण, नियोजन, संरक्षण, १९८४ अखेर गृह. हा प्रवास ऐकायला भारदस्त आहे, पण त्यातलं मराठवाड्याला थेट लाभलेलं थोडं.

१९८६ च्या मार्चमध्ये मुख्यमंत्री असलेले निलंग्याचे शिवाजीराव पाटील मुलीच्या परीक्षेतल्या गुणवाढ प्रकरणात पायउतार झाले आणि राजीव गांधींनी गृहमंत्र्यालाच मुंबईला धाडलं. दुसऱ्या खेपेला शंकररावांनी दोन गोष्टी केल्या. एक, शून्याधारित अर्थसंकल्प. म्हणजे मागच्या वर्षी खर्च होता म्हणून यंदाही, हे बंद, प्रत्येक योजनेची गरज नव्याने सिद्ध करा. दुसरी त्याहून झोंबणारी, आठमाही पाणी. कालव्याचं पाणी बारमाही उसाला न देता खरीप आणि रब्बीच्या पिकांना आठ महिने द्यायचं, म्हणजे तेवढ्याच पाण्यात जास्त शिवार भिजतं. हिशोब बिनतोड होता. तो ज्यांच्या मुळावर येत होता ते राज्यातल्या सत्तेचा कणा होते. धोरण कागदावर आलं, ऊस कालव्यावर राहिला. आणि पुढे मराठवाड्यानेही जायकवाडी-माजलगावच्या पाण्यावर ऊसच लावला, कारखाने काढले. हक्काच्या पाण्यासाठी मोर्चे काढणारे आमचे पुढारी आठमाहीचं नाव घेत नाहीत ते उगाच नाही.

डिसेंबर १९८६ मध्ये औरंगाबादला राजीव गांधींच्या उपस्थितीत शरद पवारांची काँग्रेस मूळ पक्षात विलीन झाली. मराठवाड्याच्या राजधानीत, मराठवाड्याच्या मुख्यमंत्र्याच्या डोळ्यांदेखत त्यांचा वारसदार घरात आला. जून १९८८ मध्ये पवार मुख्यमंत्री झाले, शंकरराव केंद्रात अर्थमंत्री.

नरसिंह रावांच्या मंत्रिमंडळात १९९१ ते १९९६ ते पुन्हा गृहमंत्री होते. बाबरी मशीद पडली तेव्हा खातं त्यांचं होतं, आणि त्याचा ठपका त्यांच्यावर कायमचा राहिला. कलम ३५६ वापरून, म्हणजे राष्ट्रपती राजवट लावून, वास्तू ताब्यात घ्यायची योजना गृहखात्याने आधीच तयार केली होती, असं त्यांचे गृहसचिव माधव गोडबोले यांनी पुढे सांगितलं. पंतप्रधानांनी ती उचलली नाही. दिल्लीच्या मर्जीवर खुर्ची असलेल्या माणसाला दिल्लीला नकार ऐकवणं कधी जमलं नाही, एवढं या प्रकरणावरून म्हणता येईल.

२६ फेब्रुवारी २००४ ला ते गेले. २००८ मध्ये अशोक चव्हाण मुख्यमंत्री झाले. वडील आणि मुलगा दोघेही मुख्यमंत्री झालेलं महाराष्ट्रातलं हे एकमेव उदाहरण. फेब्रुवारी २०२४ मध्ये अशोकराव भाजपमध्ये गेले आणि त्याच वर्षी त्यांची कन्या श्रीजया भोकरमधून भाजपच्या आमदार झाल्या. भोकर हा शंकररावांचाही मतदारसंघ.

नांदेडजवळ विष्णुपुरीच्या जलाशयाला शंकरसागर म्हणतात. त्याच्याही खाली, तेलंगणाच्या सीमेजवळ बाभळीचा बंधारा आहे. आंध्रने त्याला हरकत घेतली तेव्हा महाराष्ट्राने १९७५ च्या करारातल्या त्या ६० टीएमसीवर बोट ठेवलं, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंधारा ठेवायला मान्यता दिली. अट अशी की १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे, म्हणजे पावसाचं वाहतं पाणी पोचमपाडला जायचं आणि उरेल ते धर्माबाद-बिलोलीकडच्या शेतकऱ्याने अडवायचं.