दुसऱ्या नावाचा निर्णय कोणाचा?

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार कोण, हे ठरवायला राज्याराज्यांत महिनोन्‌महिने प्राथमिक निवडणुका चालतात. त्याच उमेदवाराच्या जोडीला उपाध्यक्षपदासाठी कोण उभं राहणार, हे मात्र तो एकटा ठरवतो, आणि मतदारांना ते बातमीतून कळतं. ही रीत घटनेत लिहिलेली नाही आणि फारशी जुनीही नाही. आजवर नऊ उपाध्यक्षांवर मुदत संपण्याआधीच राष्ट्राध्यक्ष होण्याची वेळ आली, त्यांपैकी आठ जणांवर राष्ट्राध्यक्षांच्या मृत्यूमुळे. म्हणून या दुसऱ्या नावाचा इतिहास चाळण्याजोगा आहे.

मूळ घटनेत जोडी नव्हतीच. राज्यांनी नेमलेल्या प्रत्येक निर्वाचकाने, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या मतदाराने, दोन मतं द्यायची, पहिला येईल तो राष्ट्राध्यक्ष, दुसरा येईल तो उपाध्यक्ष. त्यामुळे १७९६मध्ये जॉन ॲडम्स जिंकले आणि ज्यांना हरवलं ते थॉमस जेफरसन त्यांचेच उपाध्यक्ष झाले. पुढच्या खेपेला जेफरसन आणि त्यांच्याच पक्षाचे ॲरन बर यांना सारखीच, ७३ मतं पडली. बर काही मागे हटेनात. बरोबरीमुळे निर्णय काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, प्रतिनिधिगृहाकडे गेला, तिथे ३६ वेळा मतदान झालं तेव्हा कुठे जेफरसन राष्ट्राध्यक्ष झाले. १८०४च्या बाराव्या घटनादुरुस्तीने दोन्ही पदांसाठी वेगवेगळं मत आलं, आणि पक्षांना जोडी उभी करण्याची वाट मोकळी झाली.

सुरुवातीला उमेदवार काँग्रेसमधले खासदारच आपसांत ठरवत. १८३०च्या दशकात पक्षांची राष्ट्रीय अधिवेशनं सुरू झाली आणि निर्णय तिथे जमणाऱ्या प्रतिनिधींकडे, खरं तर त्यांना पाठवणाऱ्या राज्यातल्या पुढाऱ्यांकडे गेला. उपाध्यक्षपद हे तेव्हा समजूत काढण्याचं साधन होतं: उमेदवार उत्तरेचा असेल तर दुसरा दक्षिणेचा, एका गटाला पहिलं पद तर नाराज गटाला दुसरं. उमेदवाराची पसंती विचारायची पद्धत नव्हती. ज्याचं नाव पुढे केलं त्यालाही कधीकधी विचारलेलं नसे. १८४४मध्ये बाल्टिमोरच्या अधिवेशनाने सायलस राइट यांना उमेदवारी दिली. ते वॉशिंग्टनमध्ये होते. नुकत्याच टाकलेल्या तारेवरून त्यांचा नकार आला, तो प्रतिनिधींना खराच वाटेना.

या सोयीच्या राजकारणाचा सर्वांत मासलेवाईक नमुना १९०० सालचा. थिओडोर रूझवेल्ट न्यूयॉर्कचे गव्हर्नर होते आणि तिथले रिपब्लिकन पुढारी थॉमस प्लॅट यांच्या डोळ्यांत ते सलत होते. म्हणून प्लॅटनी त्यांना उपाध्यक्षपदाच्या उमेदवारीकडे ढकललं. बढती देऊन वाटेतून दूर करायचं, ही युक्ती आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगायला नको. राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांनी स्वतः कुणाचंही नाव सुचवलं नाही. त्यांचे विश्वासू मार्क हॅना मात्र या निवडीवर संतापले होते. पुढच्याच वर्षी सप्टेंबरात बफेलोत मॅकिन्ली यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि प्लॅटना जो माणूस राज्यात नको होता तो ४२व्या वर्षी देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला.

पुढाऱ्यांचा हा अधिकार मोडला तो दुसऱ्या रूझवेल्टनी. १९४०मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी हेन्री वॉलेस यांचं नाव पुढे केलं, आणि ते मान्य नसेल तर मीच उमेदवारी घेत नाही, असं बजावलं. शिकागोच्या अधिवेशनातले प्रतिनिधी चिडले होते. त्यांना शांत करायला रूझवेल्ट यांच्या पत्नी एलेनॉर यांना भाषण करावं लागलं. पण चारच वर्षांनी पुढाऱ्यांनी उट्टं काढलं. रूझवेल्ट यांची तब्येत ढासळली होती आणि यंदाचा उपाध्यक्ष बहुधा राष्ट्राध्यक्ष होईल, हे आतल्या वर्तुळात सगळे ओळखून होते. वॉलेस त्यांना फार डावे वाटत. रूझवेल्ट यांनी वॉलेस, त्यांचे सहकारी जेम्स बर्न्स आणि सिनेटर ट्रुमन या तिघांनाही आशेवर ठेवलं, ही त्यांची जुनी खोड. हॅरी ट्रुमन तर बर्न्स यांचं नाव मांडायला शिकागोला आले होते. पहिल्या फेरीत वॉलेस पुढे होते, दुसऱ्या फेरीत ट्रुमन निवडले गेले. १२ एप्रिल १९४५ला रूझवेल्ट वारले, तेव्हा ट्रुमन यांना उपाध्यक्ष होऊन ८२ दिवस झाले होते. अणुबाँबच्या प्रकल्पाची खरी माहिती त्यांना शपथेनंतर मिळाली. एवढ्या ओढाताणीने निवडलेल्या माणसाला पुढे कोणी काही सांगितलंच नाही, हे मला निवडीच्या पद्धतीपेक्षाही अजब वाटतं.

प्रतिनिधींनी दोन तगड्या नावांतून खरोखर निवड केली ती १९५६मध्ये. ॲडलाय स्टीव्हन्सन यांनी निर्णय अधिवेशनावर सोडला आणि एस्टेस केफॉव्हर यांनी तरुण जॉन केनेडींना हरवलं.

मग १९६८ आलं. ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्राथमिक निवडणूक न लढवता डेमोक्रॅटिक उमेदवार झाले, अधिवेशनाच्या वेळी शिकागोच्या रस्त्यांवर निदर्शकांवर पोलिसांच्या लाठ्या चालल्या, आणि पक्षाने नियम बदलायला आयोग नेमला. त्याचे पहिले अध्यक्ष होते सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न. नव्या नियमांनी पुढाऱ्यांकडून उमेदवारी काढून प्राथमिक मतदारांच्या हाती दिली, आणि १९७२मध्ये त्या वाटेने पहिले पोचले ते खुद्द मॅकगव्हर्न! दुसऱ्या नावाबद्दल मात्र नियम गप्प होते. अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, नकारांमागून नकार पचवून, मॅकगव्हर्न यांनी घाईत थॉमस ईगलटन यांना फोन केला. नैराश्यासाठी ईगलटन यांना विजेचे झटके देऊन उपचार झाले होते, हे नंतर उघड झालं. अठरा दिवसांत त्यांना बाजूला व्हावं लागलं. मॅकगव्हर्न ४९ राज्यांत हरले. त्याचं खापर एकट्या ईगलटनवर फोडणं बरोबर नाही, पण धडा सगळ्यांनी घेतला.

१९७६मध्ये जिमी कार्टर यांनी इच्छुकांची आर्थिक आणि वैद्यकीय कागदपत्रं तपासली, काहींना जॉर्जियातल्या आपल्या घरी बोलावून बोलणं केलं आणि वॉल्टर माँडेल यांना निवडलं. पुढे माँडेल यांना व्हाइट हाउसच्या वेस्ट विंगमध्ये कार्यालय मिळालं, आणि या पदाला कामही आलं. तेव्हापासून छाननी समिती आणि शेवटची मुलाखत हा शिरस्ताच झाला. २०००मध्ये जॉर्ज बुश यांच्या शोधाचं काम डिक चेनी यांच्याकडे होतं, आणि शोध संपला तो चेनींवरच.

२०२४मध्ये तर दोन्ही टोकं दिसली. बायडन यांनी २१ जुलैला माघार घेतली आणि त्या वर्षी उमेदवार म्हणून प्राथमिक फेरी न लढवलेल्या कमला हॅरिस यांना प्रतिनिधींनी ऑनलाइन मतदानाने उमेदवारी दिली. उपाध्यक्षपदासाठी टिम वॉल्झ यांचं नाव हॅरिस यांनी ६ ऑगस्टला जाहीर केलं. तिकडे मिलवॉकीत रिपब्लिकन अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी ट्रम्प यांनी समाजमाध्यमावर, सिनेटमध्ये येऊन दोन वर्षंही न झालेल्या जे. डी. व्हान्स यांचं नाव लिहिलं. सभागृहातल्या प्रतिनिधींनी त्याच दिवशी ते आवाजी मताने मंजूर केलं.