वरचा झरोका आणि गॅसची गळती : एक खुलासा

विदर्भातील खेड्यांत कवेलूंचे जुने घर सुधारून स्लॅबचे स्वयंपाकघर बांधताना गवंड्यापासून घरमालकापर्यंत अनेकजण असे मानतात की, छताजवळ झरोका किंवा एक्झॉस्ट पंखा असला म्हणजे सिलिंडरमधून गळलेला गॅस आपोआप बाहेर जातो. ही समजूत चुकीची आहे.

चुलीचा धूर गरम असल्यामुळे वर चढे आणि कवेलूंच्या फटींतून निघून जाई. पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेला तोच नियम लोकांनी गॅसला लावला असावा. परंतु घरगुती गॅस हे प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण असून त्याची वाफ हवेच्या दीडपट ते दुप्पट जड असते, म्हणून ती जमिनीलगत पसरते, ओट्याखाली साचते आणि स्वयंपाकघरातच मोरी असेल (जुन्या घरांत ती बहुधा असतेच) तर त्या खोलगट जागेत रेंगाळते. हवेत तिचे प्रमाण सुमारे २ टक्के झाले तरी एक ठिणगी पुरते, आणि वास येताच पंख्याचे बटण दाबणारा माणूस ती ठिणगी स्वतःच पुरवतो.

१४.२ किलोचे सिलिंडर ओट्याखाली दारांआड लपवण्याची हौस अलीकडे वाढली आहे. दारांना तळाशी जाळी नसेल तर ही हौस टाळलेलीच बरी. बाहेरच्या भिंतीत फरशीलगत जाळीदार झरोका ठेवावा, उंदीर-सापांच्या भीतीने तो पुढे बुजवू नये, आणि शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर असावी. वरचा झरोका फोडणीच्या धुरासाठी हवाच. गळतीची तक्रार १९०६ या क्रमांकावर करता येते. फोन मात्र घराबाहेर जाऊन करावा.