दुसरा घ्यायला हवा होता का? लॅपटॉप घेतल्यावर लागणारी चुटपुट

लॅपटॉप घ्यायच्या आधी तीन आठवडे मी एक तक्ता भरत होतो. डावीकडे अकरा मॉडेल्स, वरच्या ओळीत रॅम, एसएसडी, प्रोसेसर, वजन, स्क्रीन किती निट्सची (म्हणजे किती उजळ), बॅटरी किती वॉट-अवरची, पोर्ट किती, सगळं. अकराचे चार झाले, चाराचे दोन झाले आणि मग त्या दोघांत अख्खा आठवडा गेला. शेवटी एक घेतला, घरी आणला, सेटअप केला, आणि त्याच रात्री त्याच नव्या स्क्रीनवर मी न घेतलेल्या लॅपटॉपचे रिव्ह्यू बघत बसलो होतो. मशीनमध्ये खोट काहीच नव्हती, तरी मनाला चुटपुट लागली ती लागलीच, पुढचे पंधरा दिवस. तेव्हापासून या विषयावर जे मिळेल ते वाचतोय, कारण मला खरंच कळून घ्यायचं होतं की सगळं नीट विचार करून घेतलेल्या वस्तूबद्दल असं का वाटावं.

पहिली गोष्ट अशी की शेवटचे दोन पर्याय एकमेकांच्या जितके जवळ, तितका त्रास जास्त. हे उलटंच आहे ना? दोन लॅपटॉप जवळपास सारखे असतील तर कुठलाही घेतला तरी नुकसान फारसं नाही. पण मन तसा हिशेब करत नाही. १९५६ साली जॅक ब्रेहम या मानसशास्त्रज्ञाने मिनेसोटा विद्यापीठातल्या विद्यार्थिनींना आठ वस्तू दाखवल्या, टोस्टर, रेडिओ, टेबल लॅम्प, कॉफीचं यंत्र अशा, आणि कुठली किती हवीशी वाटते याला गुण द्यायला सांगितले. मग दोन वस्तू समोर ठेवून यातली एक तुझी, निवड म्हटलं. काहींना जवळपास सारख्याच आवडलेल्या दोन दिल्या, काहींना एक खूप आवडलेली आणि एक बरीच कमी आवडलेली. निवडून झाल्यावर पुन्हा गुण द्यायला लावले तर निवडलेली वस्तू वर सरकली होती, सोडलेली खाली गेली होती, आणि अटीतटीच्या जोडीत हे जास्त झालं होतं.

ब्रेहमचे गुरू लिऑन फेस्टिंगर, त्यांनी १९५७ मध्ये यामागचा विचार पुस्तकात मांडला. निवड झाली की सोडलेल्या वस्तूच्या चांगल्या बाजू आणि घेतलेल्या वस्तूच्या उण्या बाजू डोक्यात तशाच राहतात, त्या आपल्या निर्णयाशी जुळत नाहीत, ही विसंगती टोचते, आणि मग ती मिटवायला मन हळूहळू आपल्या निवडीची बाजू घ्यायला लागतं. (२०१० च्या सुमारास या प्रकारच्या प्रयोगांवर एक रास्त आक्षेप आला होता की गुणांचा हा बदल काही अंशी नुसता आकडेमोडीचा परिणाम असू शकतो, पण ती अडचण टाळून केलेल्या प्रयोगांतही परिणाम दिसला.) १९६८ मध्ये व्हँकूवरच्या रेसकोर्सवर नॉक्स आणि इंकस्टर या दोघांनी लोकांना विचारलं, तुमचा घोडा जिंकेल असं किती वाटतंय? पैसे लावायला खिडकीकडे निघालेल्यांपेक्षा नुकतेच पैसे लावून परत आलेल्यांना जास्त खात्री होती. मधे गेली काही सेकंदं, आणि घोडा तर तोच.

म्हणजे मनाकडे स्वतःचं मलम आहे. मग माझ्या बाबतीत ते पंधरा दिवस लागू का पडलं नाही?

याचं मला सगळ्यात पटलेलं उत्तर हार्वर्डमधल्या एका प्रयोगात आहे, डॅन गिल्बर्ट आणि जेन एबर्ट यांचा, २००२ चा. फोटोग्राफी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी काढलेल्या फोटोंपैकी दोन आवडते फोटो मोठे छापून घेतले, त्यातला एकच स्वतःकडे ठेवायचा होता. काहींना सांगितलं, निर्णय आत्ताच आणि कायमचा. काहींना सांगितलं, काही दिवसांत विचार बदलला तर फोटो बदलून मिळेल. नंतर विचारलं तर ज्यांना बदलायची मुभा होती त्यांना स्वतःचा फोटो कमी आवडत होता. आणि गंमत नाही तर थोडी वाईट वाटणारी गोष्ट अशी, की आधी विचारलं असता बहुतेकांना मुभा असलेलाच प्रकार हवा होता. दार उघडं असलं की बरं राहील असं आपल्याला वाटतं, पण दार उघडं असेपर्यंत मन मलम लावायला घेतच नाही, कारण त्याच्या लेखी केस अजून चालू आहे.

लॅपटॉपची रिटर्नची मुदत हे असंच उघडं दार. मुदत वाईट असं मी अजिबात म्हणत नाही, डेड पिक्सेल, दोनदा उमटणारी की, ढिली बिजागरी, झोपेतही बॅटरी खाणारं मशीन, हे सगळं त्याच दिवसांत सापडतं आणि तेव्हा परत करायलाच हवं, त्यात संकोच कसला. पण ते दिवस दोष शोधायला आहेत. मी ते पुन्हा तुलना करण्यात घालवले, आणि दोष शोधायचं राहूनच गेलं.

आता चुटपुटीबद्दल. २००४ मध्ये नताली कामिल आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. स्क्रीनवर दोन चक्रं, एक निवडायचं, ते फिरणार आणि पैसे मिळणार किंवा जाणार. काही वेळा फक्त आपल्या चक्राचा निकाल दाखवायचे, काही वेळा न निवडलेल्या चक्राचाही. जिंकलेल्या माणसालाही दुसऱ्या चक्रावर मोठी रक्कम दिसली की वाईट वाटायचं, हे आपल्यापैकी कुणालाही कळेल. पण डोळ्यांच्या खोबणीच्या वरच्या बाजूला मेंदूचा जो पुढचा भाग असतो तिथे इजा झालेल्या रुग्णांना दुसऱ्या चक्राने काहीच फरक पडत नव्हता. त्यांना जिंकल्याचा आनंद आणि हरल्याचं दुःख होतं, रुखरुख मात्र नव्हती, आणि म्हणूनच पुढच्या डावांत ते त्यातून शिकतही नव्हते. निरोगी माणसं शिकत होती. तेव्हा चुटपुट लागते म्हणजे आपण दुबळे आहोत असं नाही, मेंदू शिकण्यासाठी तुलना करतोय.

मला इथे एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्या प्रयोगात दुसऱ्या चक्राचा खरा निकाल समोर होता. लॅपटॉपच्या बाबतीत तो कधीच नसतो! माझ्या मशीनचा फॅन दुपारी आवाज करतो, हे मला रोज ऐकू येतं. न घेतलेल्याचा फॅन मी ऐकलेला नाही, त्याचा चार्जर केवढा जड ते मी उचललेलं नाही, त्याच्या चकचकीत स्क्रीनवर खिडकीचा उजेड कसा पडतो ते पाहिलेलं नाही. मला दिसतात ते त्याचे स्टुडिओतले फोटो आणि ताज्या सेलची किंमत. एकाचं रोजचं जगणं आणि दुसऱ्याची जाहिरात यांची तुलना चालू असते, आणि तिच्यातून शिकण्यासारखं काहीच हाती लागत नाही.

आणि निवडतानाची तुलना तरी कितपत खरी असते? क्रिस्टोफर शी यांनी १९९६ मध्ये लोकांना संगीताच्या दोन शब्दकोशांबद्दल विचारलं. एकात १०,००० नोंदी, अगदी नव्यासारखा. दुसऱ्यात २०,००० नोंदी पण कव्हर फाटलेलं. एकेकटा दाखवला तेव्हा लोक नव्यासारख्याला जास्त पैसे द्यायला तयार होते, दोन्ही शेजारी ठेवले की २०,००० वाल्याला. कारण नुसतं १०,००० म्हटलं तर ते जास्त की कमी कुणाला कळतं, शेजारी दुसरा आकडा आला की मगच त्याला अर्थ येतो. नंतर शी आणि जियाओ झांग यांनी दाखवलं की वस्तू शेजारी ठेवून ठरवताना आकड्यांतल्या फरकाने पुढे किती सुख मिळेल याचा अंदाज आपण फुगवून बांधतो, कारण पुढे ती वस्तू आपण एकटीच वापरणार असतो.

माझा अख्खा तक्ता म्हणजे शेजारी ठेवलेले शब्दकोश होते. १.२४ किलो की १.३६ किलो, यावर मी दोन दिवस घालवले. पाठीवरच्या बॅगेत चार्जर, पाण्याची बाटली, वही असताना हे १२० ग्रॅम कुणाला कळणार? ३०० निट्स आणि ४०० निट्स शेजारी लावले की डोळ्यात भरतात, घरात एकच असला की डोळा पाच मिनिटांत सरावतो. आणि जे एकेकट्यानेही रोज जाणवतं, कीबोर्डचा स्पर्श, मांडीवर तापणं, फॅनचा सूर, ट्रॅकपॅड, त्याला तक्त्यात रकानाच नव्हता. याला अपवाद आहेत, ते सोडू नका. रॅम बोर्डला सोल्डर केलेली असेल तर ती पुढे वाढवता येत नाही, तेव्हा ८ जीबी की १६ जीबी हा प्रश्न मात्र आकड्यांचा असूनही खरा आहे, कारण कमी पडली तर ते एकट्या मशीनवरही रोज कळतं.

मागच्या महिन्यात मामेबहिणीने विचारलं, दादा कुठला घेऊ, दोनच उरलेत. मी तिला म्हटलं दोघांना एकदम बघू नकोस, एकावर आज अर्धा तास तुझं स्वतःचं काम कर, तुझ्या फाइल्स, तुझं टायपिंग, आणि दुसऱ्यावर उद्या. बघून झालं की प्रत्येक वेळी एकच लिहून ठेव, हा एकटाच बाजारात असता तर चालला असता का. तिचं उत्तर दोन्हींना हो असं आलं. मग जो दुरुस्तीला सोपा तो घे म्हटलं, आणि घेतल्यावर किमतीचे अलर्ट बंद कर.

तिने बंद केले. दहा दिवसांनी तिचा फोन आला, डावी शिफ्ट की अडकतेय म्हणून, मुदत संपायला चार दिवस होते, तिने मशीन बदलून घेतलं, तेच मॉडेल.