व्हिएतनामला स्वतःच्या आखणीने जाताना: ई-व्हिसाचा अर्ज, कागदपत्रे आणि जिथे गाडी अडते त्या जागा

टूर कंपनीशिवाय आठ-दहा दिवस व्हिएतनामला जायचे ठरले की बरेच जण आधी व्हिसा काढून मोकळे होतात आणि फिरायचे कुठे ते नंतर बघतात. इथे क्रम उलटा ठेवा. कोणत्या विमानतळावर उतरणार, कुठून परतणार, मुक्कामाचा पत्ता काय, मध्येच देशाबाहेर जाऊन परत येणार का, हे सगळे अर्जातच विचारतात. व्हिसा हातात आल्यावर चूक सापडली, तर बहुतेक वेळा नवा अर्ज आणि नवी फी हाच उपाय उरतो. म्हणून कच्चा का होईना, मार्ग आधी कागदावर मांडा.

कोणाला मिळतो, किती दिवसांचा, किती रुपयांत

भारतीय पासपोर्ट असलेल्या कोणालाही अर्ज करता येतो. पासपोर्ट किमान सहा महिने चालू हवा आणि शिक्क्यासाठी कोरी पाने हवीत. 15 ऑगस्ट 2023 पासून ई-व्हिसा 90 दिवसांपर्यंतचा मिळतो. एकदाच प्रवेशाचा 25 डॉलरला, अनेकदा प्रवेशाचा 50 डॉलरला. अर्ज नामंजूर झाला तरी फी परत मिळत नाही. मुलांचा पासपोर्ट स्वतंत्र असतो, त्यामुळे अर्ज आणि फीही स्वतंत्र.

एकदाच की अनेकदा, हा निर्णय मार्गावर ठरतो. हनोई, होई आन, हो ची मिन्ह सिटी एवढेच करणार असाल तर 25 डॉलरचा पुरतो. मधल्या दोन दिवसांत कंबोडियात अंगकोरवाट उरकून परत व्हिएतनाममध्ये यायचे असेल, तर एकदाच्या व्हिसावर दुसऱ्यांदा आत घेत नाहीत. तिथे 50 डॉलरचाच लागतो.

फक्त फू क्वोक बेटावर जाणाऱ्यांना 30 दिवसांपर्यंत व्हिसाच लागत नाही. अट एवढीच की परदेशातून थेट बेटावर उतरायचे, किंवा मधल्या विमानतळाच्या ट्रान्झिट भागातून बाहेर न पडता पुढचे विमान घ्यायचे. बेटावरून मुख्य भूमीवर जायचे मनात आले, तर ही सवलत कामाची नाही.

कागदपत्रे

यादी छोटी आहे. पासपोर्टच्या फोटोवाल्या पानाचा स्कॅन आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा, चष्म्याशिवाय, समोर पाहणारा 4 × 6 सेंटिमीटरचा फोटो. युरोपच्या व्हिसासाठी लागणारी बँक स्टेटमेंट, आयटीआर, नोकरीचे पत्र यांपैकी काहीही इथे अपलोड करायचे नसते. पण स्कॅन नीट हवा. मोबाइलवर काढताना पानावर दिव्याची चकाकी येते किंवा तळाच्या, बाणांसारख्या चिन्हांच्या दोन ओळी कापल्या जातात, आणि अर्ज दुरुस्तीसाठी परत येतो. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, पासपोर्ट सपाट ठेवून फोटो काढा.

अर्ज भरताना

सरकारी संकेतस्थळाचा पत्ता 'डॉट जीओव्ही डॉट व्हीएन' असा संपतो. सर्चमध्ये वर दिसणाऱ्या कितीतरी साइट सरकारी वाटतात, पण त्या एजंटांच्या असतात आणि त्याच व्हिसाचे दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. तिथे गेलात तर पैसे जातातच, शिवाय तुमची माहिती कोण कशी टाइप करतो यावरही ताबा राहत नाही.

आपल्याकडच्या अर्जदारांची सर्वांत जास्त गडबड नावात होते. महाराष्ट्रातल्या अनेक पासपोर्टांत स्वतःचे नाव आणि वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव मिळून 'गिव्हन नेम' असते आणि आडनाव वेगळ्या रकान्यात. समजा पासपोर्टवर आडनाव 'पाटील' आणि गिव्हन नेम 'सुनीता प्रकाश' आहे. तर अर्जात आडनावाच्या जागी पाटील आणि मधल्या-पहिल्या नावाच्या जागी सुनीता प्रकाश, दोन्ही शब्द. 'प्रकाश' गाळायचे नाही, आडनावाला जोडायचेही नाही. लग्नानंतर आधारवर नाव बदलले पण पासपोर्टवर माहेरचेच आहे, तर माहेरचेच लिहा. आधार इथे कोणी बघत नाही. विमानाच्या तिकिटावरही हेच नाव हवे.

दुसरी जागा तारखेची. व्हिसा सुरू होण्याच्या तारखेआधी देशात शिरता येत नाही, नंतर चालते. मुंबईहून निघणारी विमाने मध्यरात्रीच्या आसपास असली की निघण्याची आणि पोहोचण्याची तारीख यात एका दिवसाचा घोळ सहज होतो. त्यात व्हिएतनामचे घड्याळ आपल्यापुढे दीड तास. सुरुवात पोहोचण्याच्या एक-दोन दिवस आधीची टाका आणि शेवट परतीनंतर चार-पाच दिवसांचा, म्हणजे विमान रद्द झाले तरी व्हिसा संपत नाही. अर्जात जास्त दिवसांची मुदत मागितल्याने फी वाढत नाही, मग हात आखडता कशाला?

पत्त्याच्या रकान्यात पहिल्या मुक्कामाचे हॉटेल किंवा होमस्टे लिहा. इथे एक नवी अडचण आहे. 1 जुलै 2025 पासून व्हिएतनाममध्ये 63 ऐवजी 34 प्रांत-शहरे झाली आणि जिल्हा हा मधला टप्पाच गेला. होई आन पूर्वी क्वांग नाम प्रांतात होते, आता दा नांगमध्ये. हा जियांग हा प्रांत तुएन क्वांगमध्ये विलीन झाला. जुन्या बुकिंगवर जुनेच पत्ते दिसतात, त्यामुळे यादीत प्रांत सापडला नाही तर गोंधळू नका. नव्या विभागणीप्रमाणे निवडा.

प्रवेशाची जागा यादीतून निवडायची असते. कंबोडिया किंवा लाओसकडून बसने येणार असाल, तर सीमेवरचा तो नाका यादीत आहे का ते बसचे तिकीट काढण्याआधी पाहा. प्रत्येक नाक्यावर ई-व्हिसा चालत नाही.

फी कार्डाने भरायची. भारतीय कार्डांवर परदेशी ऑनलाइन व्यवहार सुरुवातीपासून बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू करा, नाहीतर पेमेंट अडकते. अर्ज केल्यावर मिळणारा नोंदणी कोड जपून ठेवा. पुढे स्थिती पाहायची तर तो कोड, ईमेल आणि जन्मतारीख लागते.

सरकारी मुदत तीन कामकाजी दिवसांची. शनिवार-रविवार धरू नका, आणि जानेवारी अखेर ते फेब्रुवारीत येणाऱ्या तेत या नववर्षाच्या सुट्टीत काम जवळपास थांबते. प्रवासाच्या दोन-तीन आठवडे आधी अर्ज करा. पीडीएफ आली की नाव, पासपोर्ट क्रमांक आणि जन्मतारीख एकेक अक्षर ताडून पाहा आणि दोन प्रती छापून घ्या. चेक-इनच्या काउंटरवरच ती मागतात. व्हिसा आल्यावर पासपोर्ट नवा केला, तर जुन्या क्रमांकाचा व्हिसा निरुपयोगी.

होमस्टे आणि मोटरसायकल

गावातल्या घरी राहायचे, डोंगरात बाइकवर फिरायचे, यासाठीच तर टूर टाळलेली असते. दोन्हीला कागदाची बाजू आहे.

परदेशी पाहुण्याची नोंद घरमालकाने स्थानिक पोलिसांकडे 12 तासांत करायची असते, दुर्गम भागात 24 तासांत. त्यासाठी ते पासपोर्ट मागतात. तो घेणे रीतसर आहे, पण नोंद होताच परत घ्या. ओळखीच्या मराठी कुटुंबाच्या फ्लॅटवर उतरलात तरी हीच नोंद लागते, आणि ती करायची जबाबदारी त्यांची. उत्तरेला चीनच्या सीमेलगतच्या गावांत जाणार असाल, तर वेगळा परवाना लागेल का ते होमस्टेवाल्यांना बुकिंग करतानाच विचारा.

बाइकचा मुद्दा जास्त गंभीर आहे. आरटीओत 1000 रुपये भरून मिळणारे इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट 1949 च्या जिनिव्हा करारानुसार असते. व्हिएतनाम मानतो ते 1968 च्या व्हिएन्ना करारानुसारचे. म्हणजे आपले परमिट तिथे ग्राह्य नाही. भाड्याचे दुकान तरीही बिनदिक्कत बाइक देते, कारण त्याला परवाना तपासायचा नसतो. अडचण पोलिसांच्या नाक्यावर येते, आणि त्याहून मोठी अपघातानंतर: वैध परवान्याशिवाय चालवत असाल तर प्रवास विमा दावा नाकारतो. स्थानिक चालकाच्या मागे बसून फिरण्याची सोय उत्तरेत सगळीकडे आहे. तीच घ्या, रस्त्याकडे न बघता दरी बघता येते, हा वरचा फायदा.

शाकाहारी असाल तर होमस्टेला आधीच लिहून कळवा, आणि 'मासा-मांस नको' एवढ्यावर थांबू नका. मासळीचा रस, म्हणजे नुओक माम, भाजीतही पडतो, आणि तिथे त्याला कोणी मासा समजत नाही.