चंद्रावरचे आरसे आणि न्यूटनचा जुना प्रश्न

ऑगस्ट १९७१मध्ये अपोलो-१५च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर कॅमेऱ्यासमोर हातोडा आणि ससाण्याचं पीस एकदमच सोडलं. दोन्ही एकाच क्षणी खाली पोचले. ते दृश्य सगळ्यांच्या लक्षात राहिलं. पण त्याच मोहिमेने तिथे ठेवलेली, आरशासारखा प्रकाश परत पाठवणाऱ्या ३०० प्रिझमची चौकट हाच प्रयोग आजही चालवते आहे. हातोड्याच्या जागी पृथ्वी, पिसाच्या जागी चंद्र, आणि दोघांना ओढणारा सूर्य.

प्रश्न मूळचा न्यूटनचा. सूर्य गुरूला आणि त्याच्या चंद्रांना जरा जरी वेगळं ओढत असेल, तर त्या चंद्रांच्या कक्षा बिघडलेल्या दिसतील, असं त्याने 'प्रिन्सिपिया'त मांडलं होतं. सगळं सारखंच पडतं, हा पुढे आइनस्टाइनच्या सिद्धान्ताचा पायाच झाला.

तरी एक अवघड जागा उरली होती. पृथ्वीला बांधून ठेवणाऱ्या गुरुत्वीय ऊर्जेचाही तिच्या वस्तुमानात वाटा असतो, अब्जात अर्ध्या भागाहूनही थोडा कमी. चंद्रात तो आणखी वीसेक पट कमी. ही ऊर्जाही बाकी पदार्थासारखीच पडते का? प्रयोगशाळेतल्या गोळ्यांत ती इतकी नगण्य की तिथे हे कळणं अशक्य. कार्ल ब्रान्स आणि रॉबर्ट डिकी यांनी १९६१मध्ये गुरुत्वाकर्षणाचा जो पर्यायी सिद्धान्त मांडला, त्यानुसार फरक पडायला हवा होता. ती ऊर्जा पडतच नसेल, तर चंद्राची कक्षा सूर्याच्या रेषेत सुमारे १३ मीटर सरकेल, असं १९६८च्या सुमारास केनेथ नॉर्डवेट यांच्या गणितातून निघालं. चंद्राचं अंतर ३,८४,००० किलोमीटर. त्यात १३ मीटर शोधायचे!

ते शक्य केलं आरशांनी, आणि ती कल्पना डिकींच्याच गटात वाढली होती. सायकलच्या लाल रिफ्लेक्टरमध्ये असतात तसेच काटकोनी कोपरे, फक्त अतिशुद्ध काचेचे; प्रकाश जिथून आला तिथेच परत. १ ऑगस्ट १९६९ला लिक वेधशाळेला अपोलो-११च्या आरशावरून पहिला परतीचा प्रकाश मिळाला. पृथ्वीवरून सोडलेला लेझरचा झोत चंद्रापर्यंत किलोमीटरभराहून जास्त फाकतो, अडीच सेकंदांनी हाती येतात ते मोजके फोटॉन, म्हणजे प्रकाशकण. त्यांच्या जाण्यायेण्याच्या वेळेवरून अंतर कळतं.

१९७६मध्ये दोन गटांनी निकाल दिले: कक्षा सरकलेली नाही. मग न्यू मेक्सिकोतल्या अपाची पॉइंटच्या साडेतीन मीटर दुर्बिणीने मोजमाप मिलिमीटरवर आणलं. पृथ्वी-चंद्राच्या पडण्यात साधारण दहा लाख कोटींत एक इतकाही फरक सापडलेला नाही.

त्याच दुर्बिणीने २०१०मध्ये चंद्रावरच्या सोव्हिएत लुनोखोद-१ गाडीवरच्या आरशांवर नेम धरला. त्या गाडीचा ठावठिकाणा जवळपास चाळीस वर्षं हरवला होता; चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाच्या फोटोंत ती दिसली. पहिल्याच प्रयत्नात सुमारे २,००० फोटॉन परतले.