पॉलिमरचे नॅनोकणांनी दृढीकरण

प्लास्टिक, रबर, इपॉक्सी यांसारख्या पॉलिमरमध्ये (बहुवारिकात, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंच्या पदार्थात) किमान एका दिशेने १०० नॅनोमीटरपेक्षा (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) लहान असलेले कण मिसळून त्याचा ताठपणा, ताणबल (तुटण्याआधी सोसलेली ओढ), चिवटपणा आणि उष्णता सोसण्याची क्षमता बदलण्याची पद्धत. अशा मिश्रणाला नॅनोसंमिश्र म्हणतात. चिकणमातीची पत्री खनिजे, काजळी (कार्बन ब्लॅक), सिलिका, कार्बन नलिका आणि ग्राफीन हे नेहमी वापरात असलेले कण. कण किती घातले याच्या इतकेच, किंबहुना त्याहून जास्त, ते किती सुटे झाले याला या पद्धतीत महत्त्व आहे.

मातीचे उदाहरण मराठवाड्यातल्या वाचकाच्या पायाखालचेच आहे. दख्खनच्या बसाल्ट खडकाची झीज होऊन परभणी, नांदेड, जालना भागातली काळी कसदार जमीन तयार झाली. तिच्या चिकण अंशात मॉन्टमोरिलोनाइटच्या गटातली खनिजे प्रमुख आहेत. वैशाखात कापसाच्या रिकाम्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की त्याच भेगा मिटतात. या खनिजाचा प्रत्येक कण वहीच्या पानांसारखा थरांचा असतो. एक थर जेमतेम १ नॅनोमीटर जाड, पण रुंदीने शेकडो नॅनोमीटर. थरांमधली पकड ढिली असल्याने पाणी आत शिरते, थर दूर सरकतात आणि जमीन फुगते. पाणी उडाले की थर पुन्हा चिकटतात आणि जमीन फाटते. पाण्याच्या जागी पॉलिमरचा रेणू त्या थरांमध्ये शिरवता आला, तर पाने कायमची सुटी होतील. मातीवर आधारलेली नॅनोसंमिश्रे याच विचारातून आली. (कारखान्यात मात्र शेतातली माती चालत नाही. त्यासाठी शुद्ध केलेले बेंटोनाइट (मुख्यतः याच खनिजाची माती) लागते. भारतात ते मुख्यतः कच्छ आणि बाडमेर भागात सापडते.)

हे प्रथम ठळकपणे साधले ते जपानमधील टोयोटाच्या संशोधन केंद्राने, १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात. थरांमधले सोडियमचे आयन काढून तिथे सेंद्रिय रेणू बसवले, म्हणजे पाण्याशी सलगी करणारी माती नायलॉनच्या कच्च्या मालाशीही जुळवून घेऊ लागली. मग नायलॉन-६ ची साखळी थरांच्या आतच वाढवली आणि वाढता वाढता तिने पाने दूर ढकलली. वजनाने ५ टक्क्यांहूनही कमी मातीत नायलॉनचे ताणबल सुमारे ६९ मेगापास्कलवरून (मेगापास्कल हे ताण मोजण्याचे एकक) १०० च्या वर गेले, यंग गुणांक (ताठपणाचे माप) जवळजवळ दुप्पट झाला आणि भाराखाली वाकण्याचे तापमान ६५ अंश सेल्सिअसवरून १५० च्या आसपास पोचले. या द्रव्याचे टायमिंग बेल्टचे झाकण पुढे मोटारीत बसवले गेले.

या आकड्यांचे नवल नीट समजून घेण्यासारखे आहे. वजनाने ५ टक्के माती म्हणजे आकारमानाने जेमतेम २ टक्के. द्रवात गोल कण मिसळले तर तो किती घट्ट होतो याचे आइन्स्टाइनचे सूत्र ताठपणालाही लावतात. त्यानुसार २ टक्के गोल कणांनी ताठपणा फक्त ५ टक्क्यांनी वाढायला हवा. तो दुप्पट होतो याचे एक कारण कणाचा आकार: रुंद, पातळ पान आपल्यावर बराच भार ओढून घेते. दुसरे कारण पृष्ठभाग. १ सेंटिमीटर बाजूच्या घनाला ६ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग असतो. त्याचेच १ नॅनोमीटरचे घन केले तर ६,००० चौरस मीटर होतो, म्हणजे साधारण दीड एकर रान. या एवढ्या सीमेलगत पॉलिमरच्या साखळ्या कणांना धरून बसतात आणि त्यांची हालचाल मंदावते. कण आणि साखळी यांच्यात चांगली पकड असली, तरच ओढ एकाकडून दुसऱ्याकडे जाते.

पण ताठपणा मिळवताना चिवटपणा जातो. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत सिपेट ही प्लास्टिकचे शिक्षण आणि चाचण्या यांची केंद्रीय संस्था आहे. अशा प्रयोगशाळेत साध्या नायलॉनचा डंबेलच्या आकाराचा नमुना ओढयंत्रात लावला, तर तो मध्ये बारीक होतो, पांढुरका पडतो आणि दुप्पट लांब झाला तरी तुटत नाही. माती घातलेला नमुना जास्त जोर सोसतो, मात्र थोडासाच लांबतो आणि एकदम ‘कट्’ करून तुटतो. बंपर किंवा हेल्मेट करणाऱ्याला ही किंमत परवडत नाही. इपॉक्सीत गोष्ट वेगळी आहे. तो मुळातच ठिसूळ, आणि त्यात नीट पसरलेले सिलिकाचे नॅनोकण चिवटपणा वाढवतात. चिरेच्या टोकाशी कण पॉलिमरपासून सुटतात, त्यांच्याभोवतीच्या पोकळ्या ताणल्या जातात आणि त्यात चिरेची ऊर्जा खर्ची पडते.

सगळ्यात मोठी अडचण ढेकळांची. एवढ्या पृष्ठभागाचे कण एकमेकांना चिकटू पाहतात. पॉलिप्रॉपिलीनसारख्या अध्रुवीय (रेणूत विद्युतभाराची टोके नसलेल्या) प्लास्टिकमध्ये माती तशी मिसळतच नाही, मॅलेइक अनहायड्राइड (मातीशी जुळणारे रसायन) जोडलेले पॉलिप्रॉपिलीन मध्यस्थ म्हणून घालावे लागते. जोडस्क्रूच्या एक्स्ट्रूडरमध्ये (दोन फिरत्या स्क्रूंनी वितळलेले प्लास्टिक पुढे ढकलणाऱ्या यंत्रात) मिश्रण रगडून ढेकळे फोडतात. फुटली नाहीत तर नॅनोकण हे नावच उरते: ढेकूळ हा भार वाहणारा घटक न राहता चीर सुरू होण्याची जागा होते. कार्बन नलिकांचा ताठपणा सुमारे १ टेरापास्कल (१० लाख मेगापास्कल), पोलादाच्या पाचपट. तरी त्या घातलेले प्लास्टिक अनेकदा निराशा करते, कारण नलिका गुंतून गोळे होतात. प्रमाण वाढवत नेले की एका मर्यादेनंतर ताणबल उलट घसरते ते यामुळेच.

रबरात ही युक्ती ‘नॅनो’ शब्दाच्या कितीतरी आधीपासून आहे. टायर काळा असतो तो काजळीमुळे. तिचे मूळ कण काही दहा नॅनोमीटरचे. काजळीविना संश्लेषित रबराचे ताणबल २-३ मेगापास्कल, काजळीसह २० च्या वर. कणांचे जाळे थोड्या ताणानेच तुटू लागते आणि रबर मऊ पडते, याला पेन परिणाम म्हणतात. जाळे तुटता-जुळताना टायर तापतो. सिलेनने (सिलिका आणि रबर यांना जोडणाऱ्या रसायनाने) बांधलेल्या सिलिकाने हा तोटा कमी होतो, म्हणून १९९० च्या दशकापासून इंधन वाचवणाऱ्या टायरमध्ये ती आली.

ठिबकच्या नळ्यांतही २ ते २.५ टक्के काजळी असते. तिथे तिचे काम ताकद वाढवण्याचे नसून असलेली टिकवण्याचे. सूर्याचे अतिनील किरण पॉलिथिलीनच्या साखळ्या तोडतात, नळी कडक होते आणि वाकवली की तडकते. काजळी ते किरण शोषून घेते, पण सारखी पसरली असेल तरच. नळीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की काळ्या पडद्यात काजळीचे ठिपके दिसतात. ठिपके मोठे आणि मधली जागा फिकी असेल, तर ती नळी उन्हाळे काढत नाही.

चाचणीचे आकडे वाचताना हवेकडेही पाहावे लागते. नायलॉन ओलावा पितो आणि मऊ होतो. श्रावणात मोजलेला नमुना वैशाखातल्यापेक्षा कमी ताठ निघतो. म्हणून ओढण्याआधी नमुने २३ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रतेत ठेवतात, आणि साधा व नॅनोकण घातलेला असे दोन्ही नमुने एकाच वेळी, एकाच यंत्रावर तपासतात.